पूर ओसरतो, सूज उतरते: इंग्रजी शब्द पाठ करणाऱ्यासाठी

भावा, तू लिहिलंयस की बँकेच्या परीक्षेसाठी क्लासमधून 3000 अवघड इंग्रजी शब्दांची यादी मिळाली. प्रत्येक शब्दाशेजारी मराठी अर्थ आणि देवनागरीत उच्चार. रोज 50 पाठ करतोस, आठवड्यात पुसून जातात आणि मुलाखतीच्या सरावात तोंडातून एकही निघत नाही. स्मरणशक्ती कमी पडते का, असं विचारलंयस. तसं नाही. यादीच लंगडी आहे.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या क्वालिटी विभागात काम करतो. परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणं रोजचंच. सुरुवातीच्या काळात एका कास्टिंगच्या रिपोर्टबद्दल सांगताना मी तीन वेळा ‘ॲनोमाली’ (म्हणजे विसंगती) म्हणालो, जोर ‘मा’वर. समोरच्याला काही केल्या कळेना, शेवटी स्पेलिंग सांगावं लागलं. शब्द योग्य होता, अर्थही पक्का होता. पण तो शब्द ‘अनॉमली’ आहे आणि जोर ‘नॉ’वर. त्या दिवसापासून मी शब्दाचा अर्थ बघायच्या आधी जोर कुठे आहे ते बघतो.

मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनानं बोलतो. इंग्रजीत एक अक्षर उचललं जातं आणि बाकीची आक्रसतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर. ‘फटॉग्रफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो, ‘फोटग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर, आणि जोर सरकला की शेजारचे स्वरही बदलतात. ‘ॲनलाइज’, ‘अनॅलसिस’, ‘ॲनलिटिकल’ यांचंही तेच. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर. आक्रसलेल्या अक्षरात जो पुसट स्वर उरतो तो आपल्या ‘अ’च्या अगदी जवळचा आहे. म्हणजे तो वेगळा शिकायला नको, फक्त योग्य जागी टाकायला हवा.

आता देवनागरीतल्या उच्चाराचं. आपली लिपी गुणी आहे, ‘बॅट’ आणि ‘हॉट’ लिहायची सोयही आपण करून घेतली. पण इंग्रजीतला आखूड ‘ए’ आणि पुढे ‘इ’कडे वळणारा लांब ‘ए’ यांना आपल्याकडे एकच मात्रा आहे. म्हणून क्रिकेटची टेस्ट आणि तांबड्या रश्श्याची टेस्ट आपण सारखीच लिहितो. लिहायचा पेन आणि दुखण्याचा पेन, कर्ज या अर्थाचा डेट आणि तारखेचा डेट, तेच. ‘व’चंही तसंच. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वेस्ट’ म्हणताना ओठ गोल होतात. कागदावर हे शिकता येणार नाही. मोठ्या इंग्रजी शब्दकोशांच्या वेबसाइटवर प्रत्येक शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार फुकट ऐकता येतात. ऐक, मग मोठ्यानं तीनदा म्हण. रूमवर लाज वाटत असेल तर रंकाळ्यावर फिरताना म्हण.

सर्वांत मोठी खोट मात्र अर्थाच्या रकान्यात आहे. तू पाठवलेल्या फोटोत ‘मिटिगेट’, ‘अलीव्हिएट’, ‘अले’ आणि ‘अस्वेज’ या चारही शब्दांपुढे एकच अर्थ आहे: कमी करणे, शमवणे. आता मराठीतच बघ. पंचगंगेचा पूर ओसरतो, पायाची सूज उतरते, राग निवळतो, भूक भागते. सगळीकडे काहीतरी कमीच होतंय, पण भूक ओसरली किंवा सूज भागली असं गंगावेशीतलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. आपल्याला हे कुणी यादी देऊन शिकवलं नाही, शब्द जोडीनंच कानावर आले. इंग्रजी शब्दांनाही असेच ठरलेले सोबती असतात. ‘मिटिगेट’ धोक्याबरोबर किंवा दुष्परिणामांबरोबर येतो, ‘अलीव्हिएट’ वेदना आणि गरिबीबरोबर, ‘अले’ भीती आणि शंकांबरोबर, ‘अस्वेज’ अपराधी भावना, दुःख किंवा भुकेबरोबर. वहीत एकटा शब्द लिहूच नकोस. ‘मिटिगेट द रिस्क’ असा आख्खा तुकडा लिही. मुलाखतीत तोंडातून तुकडाच बाहेर येतो.

धातू आणि उपसर्गांचा उपयोग होतो, आणि तो आपल्याला परका नाही. प्रहार, आहार, विहार, संहार आपण शाळेतच शिकलो. लॅटिनमध्ये ‘स्पेक’ म्हणजे पाहणे, संस्कृतातल्या ‘पश्यति’चा तो नातेवाईकच. आत पाहणं इन्स्पेक्ट, मागे वळून पाहणं रेट्रोस्पेक्ट, आणि चहूबाजूंनी पाहणारा तो ‘सर्कम्स्पेक्ट’, म्हणजे सावध. फक्त फोड करून अर्थाचा नुसता अंदाज बांधायचा, खात्री शब्दकोशातच करायची.

कोणते शब्द आधी घ्यायचे? न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अभ्यासविषयक लिखाणातल्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात 570 शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) आहेत आणि तशा लिखाणातला साधारण दहावा हिस्सा त्यांनीच व्यापलेला असतो. ‘ॲम्बिग्युअस’, ‘इनहेरंट’, ‘सब्सिक्वंट’ हे त्यातलेच. परीक्षेतले उतारे याच शब्दांवर चालतात, त्यामुळे आधी ते पक्के कर. दिवसाला आठ पुरेत.

उजळणीसाठी चपलांचं रिकामं खोकं घे, पाच कप्पे कर आणि प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी करून पहिल्या कप्प्यात टाक. सेबास्टियन लाइटनर यांनी 1970 च्या दशकात लोकप्रिय केलेली ही पद्धत आहे. शब्द आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्या. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे वाढत्या अंतरानं. यामुळे येणाऱ्या शब्दांवर वेळ जात नाही.

आणि रविवारी तासभर करवीर नगर वाचन मंदिरात जा. 1850 पासूनचं वाचनालय आहे, त्याचा उपयोग करून घे. इंग्रजी अग्रलेख वाच आणि चिठ्ठीवरचा शब्द छापलेला दिसला की त्याच्या आजूबाजूचे शब्द उतरवून घे. मला ‘अले’चा सोबती असाच सापडला होता.

जुनी यादी टाकू नकोस, पण उच्चाराचा रकाना आजच खोडून टाक. पहिल्याच पानावर ‘एपिटोम’ आणि ‘हायपरबोल’ छापलंय. दोन्ही ग्रीकमधून आलेले शब्द आहेत आणि त्यांच्या शेवटचा ‘ई’ उच्चारला जातो: इपिटमी, जोर ‘पि’वर, आणि हायपर्बली, जोर ‘प’वर.