अमेरिकेत मतदान 18 व्या वर्षी, मग मद्यासाठी 21 वर्षांची अट का?

हा प्रश्न रास्त आहे, कारण 1971 मध्ये मतदानाचे वय 18 झाल्यावर अमेरिकेतील अनेक राज्यांनी मद्याचे वयही खाली आणले होते. मात्र त्यानंतर तरुण चालकांच्या अपघातांची चिंता वाढली आणि कमी वयोमर्यादेच्या शेजारच्या राज्यात जाऊन, पिऊन, गाडी चालवत परतणाऱ्या मुलांमुळे ती अधिकच गंभीर झाली. मद्याचे नियमन राज्यांच्या अखत्यारीत असल्यामुळे केंद्राने थेट हुकूम न काढता 1984 च्या कायद्याने वेगळाच मार्ग धरला: जे राज्य 21 वर्षांखालील व्यक्तींना मद्य खरेदी करू देईल, त्याच्या महामार्ग-निधीत कपात होईल. साउथ डकोटाने याला आव्हान दिले, पण 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला आणि पुढच्याच वर्षापर्यंत सर्व राज्ये 21 वर आली. थोडक्यात, नाक दाबले आणि तोंड उघडले.

इतरत्र मोजमाप निराळे आहे. जर्मनीत बिअर आणि वाइन 16 व्या वर्षी, तर कडक मद्य 18 व्या वर्षी विकत घेता येते. जपानने 2022 मध्ये सज्ञानतेचे वय 18 केले, तरी मद्याचे 20 च ठेवले.

आपल्याकडेही हा राज्यांचा विषय असल्याने गोव्यात 18 वर्षे पुरतात, महाराष्ट्रात मात्र कडक मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात.