बातमी आणि शाळा, मालक एकच

प्रश्न : ताई, मुलगी पणजीत मास कॉमला आहे, प्रोजेक्ट घेतलाय चीनमधली ऑनलाइन न्यूज आणि तिथल्या सरकारी शाळा यांचा संबंध. मी म्हटलं संबंध कसला, निकालाच्या दिवशी टॉपरला पेढा भरवतानाचा फोटो टाकायचा, झालं. तर रागावली. तुम्हीच सांगा. – एक बाबा, डिचोली

उत्तर : बाबा, रागावली ते बरोबरच. तिथं शिक्षण मंत्रालयाचं स्वतःचं पेपर आहे, चायना एज्युकेशन डेली, आणि बाकीच्या साइट्सना राजकारण-समाजाच्या बातम्या द्यायच्या तर सरकारी लायसन्स लागतं. २०१४ ला शांघायमध्ये सुरू झालेली 'द पेपर' ही न्यूज साइट बऱ्यापैकी बातमीदारी करते, पण तीसुद्धा सरकारी ग्रुपचीच. म्हणजे शाळा ज्याची, बातमी पण त्याचीच.

गंमत म्हणजे पोरांना बातमी वाचावीच लागते. बारावीनंतरची ती कॉलेज प्रवेशाची गाओकाओ परीक्षा, २०२४ ला १ कोटी ३४ लाख मुलांनी फॉर्म भरले, तिच्यात निबंध असतो आणि त्यासाठी मुलं पीपल्स डेली या कम्युनिस्ट पक्षाच्या पेपरातली वाक्यं चक्क पाठ करतात. आपल्याकडे अग्रलेख कोण वाचतो हो, मी लिहिते तरी वाचत नाही.

पण सगळं वरूनच खाली येतं असंही नाही. मे २०२२ ला कुणीतरी प्राथमिकच्या गणिताच्या पुस्तकातली चित्रं वेबोवर, म्हणजे त्यांच्या ट्विटरसारख्या साइटवर टाकली, मुलांचे डोळे लांब लांब, जीभ बाहेर, एकाच्या कपड्यावर अमेरिकेच्या झेंड्यासारखं डिझाइन, आणि ही पुस्तकं कितीतरी वर्षं वर्गात चालू होती, कुणी बघितलंच नव्हतं! पालक भडकले, मग न्यूज साइट्सनी उचललं, मंत्रालयाने चित्रं नव्याने काढायला लावली आणि ऑगस्टमध्ये २७ जणांवर कारवाई. इथे मात्र एक बघा, राग चित्रं काढणाऱ्यांवर आणि प्रकाशकावर निघाला तोवर सगळं मोकळं होतं. शिकवायचं काय ते कोण ठरवतं, तिथवर चर्चा जाऊ देत नाहीत.

आपल्याकडे गोव्यात २०११ ला शाळेत कुठल्या भाषेतून शिकवायचं त्या माध्यमाच्या वादात सरकारच्या निर्णयावरच भांडणं झाली, रस्त्यावर आणि पेपरात पण. तसं तिथं होत नाही.

मुलीला सांगा या पुस्तकांचंच प्रकरण घे, पहिली पोस्ट कधी, सरकारी साइट कधी बोलली, मंत्रालय कधी, तारखा ओळीने लाव. आणि पेढ्याचं बोललात त्याबद्दल तिला आधी सॉरी म्हणा.