वडिलांना अर्धांगवायूनंतर उभं राहताना तोल सांभाळता येत नाही. प्रिझमचा चष्मा घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, आता काठी धरून उभे राहतात पण सगळा भार उजव्या पायावर, आणि कुणीतरी प्रिझमचा चष्मा मागवून दिवसभर घालायला सांगितलाय. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. माझं म्हणणं, एवढ्यात मागवू नका.

आधी जेवताना त्यांच्या ताटाकडे बघा. माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांच्या सूनबाई म्हणायच्या, "बाबांना हल्ली चटणी-कोशिंबीर नको असते." मी त्यांना ताट अर्धं फिरवून ठेवायला सांगितलं. चटणी चाटून-पुसून संपली आणि भाजी राहिली! आवडनिवड वगैरे काही नव्हतं. डोळे शाबूत होते, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नव्हता. मेंदूच्या उजव्या भागातल्या झटक्यानंतर असं बऱ्याच जणांचं होतं. प्रिझमचा उपाय आहे तो मुख्यतः अशांसाठी, नुसत्या पायाच्या अशक्तपणासाठी नाही.

यातली गंमत अशी की खरं काम चष्मा काढल्यावर होतं. पाचरीसारख्या या भिंगांमधून समोरचं सगळं साधारण 10 अंश उजवीकडे सरकलेलं दिसतं, म्हणजे हातभर अंतरावर जवळजवळ 9-10 सेंटिमीटर. रुग्णाला खुणेवर बोट टेकवायला सांगतात. हाताची सुरुवात दिसू नये म्हणून हनुवटीखाली फळी असते. पहिली काही बोटं खुणेच्या उजवीकडे पडतात, मग हात आपोआप सुधारतो. चष्मा काढला की तोच हात खुणेच्या डावीकडे जातो. ही डावीकडची चूकच आपल्याला हवी असते, कारण तिच्यासोबत लक्षही डावीकडे ओढलं जातं.

फ्रान्समधल्या ल्यों इथे इव्ह रोसेटी आणि सहकाऱ्यांनी हे 1998 साली दाखवलं: अशी पन्नासेक बोटं टेकवली आणि परिणाम निदान दोन तास टिकला. 2001 मध्ये तिथल्याच गटाने डावं अंग लुळं पडलेल्यांना उभं करून मोजलं, तेव्हा उजव्या पायाकडे झुकलेला भार अशा सत्रानंतर मध्याकडे आला. पण रुग्ण मोजकेच होते आणि मोजमाप लगेचचं होतं. डाव्या बाजूकडे होणाऱ्या या दुर्लक्षासाठी दोन आठवडे रोज दोनदा सत्रं घेऊन पुढे काही आठवडे फरक टिकल्याचंही दिसलंय, मात्र नंतरच्या चाचण्यांत कुठे फायदा दिसला, कुठे नाही. म्हणून मी हे व्यायामाच्या जोडीला वापरते, व्यायामाऐवजी कधीच नाही.

आणि हा चष्मा घालून त्यांना चालवू मात्र अजिबात नका. दाराची चौकट आहे तिथे दिसणार नाही, माणूस धडकून पडेल. एकाचे दोन दिसतात म्हणून डोळ्यांचे डॉक्टर देतात तो प्रिझमचा चष्मा वेगळा. तो घालून वावरायचं असतं. दुकानदार या दोन्हींची सर्रास गल्लत करतात.

आज रात्री ताट फिरवून बघा आणि काय उरलं ते इथेच लिहा, मग पुढचं सांगते.