अबोला धरायचा कुणाशी?

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज वाचून आधी हसू आलं, मग जरा ओशाळलो. रूममेट रात्री दोनपर्यंत दिवा चालू ठेवते म्हणून नऊ दिवस अबोला! आजीला सांगितलंस तर ती म्हणाली, "सैतानाला वाव देऊ नकोस." आता तू विचारतेस, अबोला ही मराठी रीत आहे का, आणि आजी त्या मुलीला सैतान म्हणाली का?

न बोलणं सगळीकडेच असतं गं. पण आपल्या भाषेत अबोला 'धरतात' आणि मग कधीतरी तो 'सोडतात'. म्हणजे मूठ आपलीच वळलेली असते, हे भाषेला ठाऊक आहे.

आजीचं वाक्य बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं. तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल राग येऊच देऊ नका असं म्हणत नाही. रागावा, पण पाप करू नका, सूर्य मावळण्याआधी राग सोडा, आणि लगेच पुढे: सैतानाला वाव देऊ नका. पहिल्या रात्री तुमचं भांडण फक्त दिव्याचं होतं. आता नवव्या रात्री तुझ्या डोक्यात तिचं अख्खं चरित्र लिहून झालं असेल: स्वार्थी आहे, मुद्दाम करते, आई-बापांनी काही शिकवलेलंच नाही. आजीचा सैतान हे चरित्र सांगतो आणि आपण मुकाट्याने लिहून घेतो. त्या बिचारीला पत्ताही नसतो.

त्याच पत्रात, सहाव्या अध्यायात, 'आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही' (म्हणजे माणसांशी नाही) हे प्रसिद्ध वचन येतं आणि मग सैतानाशी लढायची देवाची शस्त्रसामग्री: विश्वासाची ढाल, आत्म्याची तलवार, पायांत वहाणा. लहानपणी संडे स्कूलमध्ये आम्ही पुठ्ठ्याच्या ढाली-तलवारी करून एकमेकांनाच बडवायचो. त्या शस्त्रांच्या आधी काय लिहिलंय ते फार उशिरा नीट वाचलं. नवरा-बायको, आई-बाप आणि मुलं, धनी आणि दास. म्हणजे पौलाची रणभूमी घरातच सुरू होते. अध्यायाच्या चौथ्याच ओवीत म्हटलंय, बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. (ओशाळलो तो इथे. त्यावर शेवटी येतो.)

तुकोबांनी हेच म्हटलंय, 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग, अंतर्बाह्य जग आणि मन'. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. तेव्हा मराठी रीत विचारशील, तर अबोल्यापेक्षा ही जुनी आणि धड रीत आहे: शत्रू आधी आत शोधायचा.

त्या शस्त्रांत मला सगळ्यात आवडतात त्या वहाणा, शांतीच्या सुवार्तेच्या. ढाल घेऊन एका जागी उभं राहता येतं, वहाणा घातल्या की निघावं लागतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, येशू तर वेदीपाशी दान ठेवून आधी जा, समेट कर म्हणतो. आणि नीट वाच: तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर नव्हे, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. चूक कुणाची हा हिशेबच तिथे नाही.

पण एक सांगतो. 'ही आध्यात्मिक लढाई आहे, प्रार्थना करा' असं म्हणून अन्याय गिळायला लावणारी माणसं मी आपल्या चर्चच्या मंडळीत पाहिली आहेत. तो देवाच्या नावाने धरलेला अबोलाच. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे आधी एकांतात जाऊन दोष सांगायचा असतो, ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर न्यायचं. कुणी धमकावलं, हात उगारला, तर सरळ वॉर्डनकडे जायचं. अशा वेळी वाट पाहत बसायचं नाही.

तुझं प्रकरण मात्र दिव्याचं आहे. आज ती आली की एवढंच विचार, "दिव्याचं काय करूया?" नऊ दिवसांचा हिशेब काढू नकोस.

आणि माझं. गेल्या वर्षी तुझा निकाल लागला तेव्हा मी तीन दिवस तुझ्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी 'जेवलीस का?' म्हणून सगळं मिटवलं आणि त्यालाच समेट समजलो. माफी मागितलीच नव्हती. आता मागतो. शनिवारी फोनवरही मागेन, तेव्हा 'जाऊ दे ना बाबा' म्हणून मला मधेच थांबवू नकोस.

तुझा,
बाबा