पाळी कधी २६ दिवसांनी येते, तर कधी ४५. कारण काय असेल?

आधी मोजणी तपासा. पाळी संपल्यापासून नाही, रक्तस्राव सुरू झाला त्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. असं मोजून २१ ते ३५ दिवसांत येत असेल आणि चार-पाच दिवस मागेपुढे होत असतील, तर काळजी नको. तुमचा फरक मात्र शोध घेण्याजोगा आहे.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर साधारण १४ दिवसांनी पाळी येते आणि हा काळ फारसा हलत नाही. लांबतो तो त्याआधीचा. ४५व्या दिवशी पाळी आली म्हणजे बीज ३१व्या दिवसाच्या आसपास सुटलं असणार, किंवा सुटलंच नसेल. त्यामुळे पाळी चुकली त्या आठवड्यात काय झालं हे आठवून उपयोग नाही. त्याच्या तीन-चार आठवडे मागे जा. मोठं आजारपण, अचानक उतरलेलं वजन, अति व्यायाम, इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळी?

शरीरसंबंध असतील तर सगळ्यात आधी गर्भचाचणी. मग टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध तयार करणारं हार्मोन) या रक्ततपासण्या. प्रोलॅक्टिनसाठी रक्त उठल्या उठल्या देऊ नका, दोन-तीन तास जाऊ द्या. झोपेत ते वाढलेलं असतं. उलटीसाठीची डॉम्पेरिडोन आणि मानसिक आजारांवरची काही औषधंही ते वाढवतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा, त्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

आता पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा आजार. सोनोग्राफीत ‘पीसीओ’ (अंडाशयात खूप छोट्या पिशव्या) लिहून आलं की अनेकजणी तोच आजार समजतात. तसं नसतं. लांबणारी पाळी, वाढलेले पुरुषी हार्मोन (हनुवटीवर राठ केस, न जाणारी मुरुमं) आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिनांपैकी किमान दोन हवीत. शिवाय थायरॉइड-प्रोलॅक्टिनची कारणं आधी वगळावी लागतात.

वय तुम्ही लिहिलेलं नाही. पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षंच झाली असतील किंवा चाळिशी उलटली असेल, तर बीज सुटण्यातच अनियमितता असते.

पाळी आणायच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. रक्तस्राव होतो, कारण तसंच राहतं.

९० दिवस पाळी आली नाही, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त गेलं, तर डॉक्टरांची वेळ घ्या. लागोपाठ दोन तास तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, तर त्याच दिवशी जा. जाताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा लिहून न्या.