बेसला कंप्रेसर घ्यावा का, आणि घेतला तर नॉब कुठे ठेवायचे

तू विचारलंयस की कुडाळ-सावंतवाडीकडे जत्रेला आणि गणपतीत ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतोस, ई तारेवरचे सूर धाडकन येतात आणि जी तारेवरचे कीबोर्ड-ढोलकीत हरवतात, साऊंडवाला म्हणतो कंप्रेसर (मोठे सूर दाबून आवाज सारखा करणारं पेडल) घे, तर घ्यावा का. घे, पण त्याआधी पिकअपची, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या भागाची, उंची बघ. जी तारेची बाजू जरा वर, ई ची जरा खाली, आणि तारा गंजल्या असतील तर बदलून टाक, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्या लवकर मरतात. एखादी तार कायमच बारीक येत असेल तर ते कंप्रेसरने सुधारणार नाही, कारण त्याला कुठली तार वाजली ते कळत नाही, सिग्नल किती मोठा आला एवढंच कळतं.

त्याचं खरं काम म्हणजे हात जिथे कमीजास्त पडतो तिथे सांभाळून घेणं. दाबणं ज्या पातळीपासून सुरू होतं ती थ्रेशोल्ड, आणि किती दाबायचं तो रेशो. रेशो ४:१ असेल तर थ्रेशोल्डच्या ८ डेसिबल वर गेलेला सूर फक्त २ डेसिबल वर राहतो, बाकीचा दाबला जातो. सुरुवात ४:१ नेच कर. गेन रिडक्शनचे, म्हणजे किती दाबलं ते दाखवणारे, दिवे असलेलं पेडल मिळालं तर तेच घे, एमएक्सआर कंपनीच्या एम८७ वर आहेत, त्यात थ्रेशोल्डचा वेगळा नॉब नाही, इनपुट वाढवला की जास्त दाबतं. साधं वाजवताना दिवे जेमतेम लुकलुकले पाहिजेत आणि जोरात मारलं की ४ ते ६ डेसिबल, बस.

आता अटॅक, म्हणजे सूर मोठा आल्यावर दाबायला लागणारा वेळ (आणि सोडायला लागणारा तो रिलीज), बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तनच २४ मिलिसेकंदांचं. अटॅक आणि रिलीज दोन्ही अगदी फास्ट ठेवलेस तर कंप्रेसर सुराच्या मागे न जाता त्या लाटेच्याच मागे धावतो आणि आवाज फाटल्यासारखा येतो. शिवाय बोटाचा तो पहिला ठोका दाबला गेला की बेस ढोलकीच्या मागे जाऊन बसतो, ऐकू येतो पण लागत नाही. म्हणून बोटांनी वाजवताना अटॅक ३० मिलिसेकंदांच्या आसपास आणि रिलीज असा की पुढचा सूर यायच्या आत दिवे विझले पाहिजेत. स्लॅपला (अंगठ्याने तारेवर आपटून वाजवताना) मात्र अटॅक फास्ट हवा, तिथे तो ठोकाच स्पीकरला झोडपतो. काही पेडलवर नॉब उजवीकडे नेला की अटॅक फास्ट होतो, काहींवर उलट, त्यामुळे मॅन्युअल बघ.

सेटिंग झालं की आउटपुट असा लाव की पेडल चालू-बंद केल्यावर आवाज तेवढाच राहील. हे अजिबात टाळू नकोस. आवाज नुसता वाढला तरी कानाला चांगलंच वाटतं आणि मग कंप्रेसरने काय केलं ते कधीच कळत नाही.

चेनमध्ये ट्यूनरनंतर लगेच लाव. ऑटो-वाह (हाताच्या जोराप्रमाणे ‘वा-वा’ आवाज करणारा इफेक्ट) वापरत असशील तर तो आधी आणि कंप्रेसर नंतर, कारण ऑटो-वाहला तुझ्या हातातला चढउतार तसाच लागतो.

आणि एक गोष्ट आपल्या भागातली, जत्रेला जनरेटर आणि अर्थिंगचा पत्ता नाही अशी लाईन. कंप्रेसर सूर दाबून वरून लेव्हल वाढवतो, त्यामुळे दोन सुरांमधली घरघर पण वर येते. त्यात आपल्या लाईनचा हम (घरघर) ५० हर्ट्झचा आणि ई तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी सूर ४९ हर्ट्झचा, म्हणजे इक्यूने (ठरावीक पट्टीचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या नॉबने) हम कापायला गेलास तर सूरच जाईल. पेडलला चांगला रेग्युलेटेड ९ व्होल्टचा अडॅप्टर दे, आणि स्टेजवर घरघर फारच असेल तर त्या रात्री रेशो २:१ वर आणून (पेडलवर तेवढा कमी नसेल तर इनपुट उतरवून) कमी दाब.

साऊंडवाल्याला पण विचारून ठेव, त्याने डिजिटल मिक्सरवर तुझ्या चॅनेलला आधीच कंप्रेसर लावलाय का. लावला असेल तर एकाने हलकंच काम करावं, दोघांनी मिळून दाबलं तर पुढे बसलेल्यांना बेस नुसता गुं गुं ऐकू येतो.