सदोष गिटार, आणि दुकानदार म्हणतो पावसाने बिघडली

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो. नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी हॉटेलांत गिटार वाजवतो. जूनमध्ये बंगळुरूच्या एका दुकानाच्या वेबसाइटवरून ३८,४०० रुपयांची इलेक्ट्रिक गिटार मागवली. वरच्या दोन तारांवर चौदाव्या फ्रेटला (दांडीवरचा धातूचा आडवा उंचवटा) तार ओढली की स्वर मरायचा. त्यांनी बदलून दिली, तर दुसरीत बाराव्या फ्रेटपाशी तोच प्रकार, शिवाय पिकअपचा (तारांचा आवाज टिपणारा भाग) स्विच हलवला की खरखर. दोन्ही खोके उघडतानाचे व्हिडिओ आहेत. त्याच दिवशी ईमेलही केले. आता दुकान म्हणतं, या किमतीत एवढं चालायचंच, नेक (दांडी) पावसाळी हवेने हलली असेल, सेटअप तुमचा तुम्ही करून घ्या, वॉरंटीत फ्रेट येत नाहीत आणि दावा फक्त बंगळुरूत चालेल. माझे काही कार्यक्रम बुडाले. भरपाईसह एक लाख मागू का?

उत्तर : आधी त्या एक लाखाचं बोलू, कारण तुमची केस तिथेच अडकू शकते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर सूट आहे, पण तुम्हाला पगार आहे, तेव्हा ती सूट तुम्हाला अलगद लागू पडेल असं नाही. मग राहतो खरेदीचा मुख्य हेतू. लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच निकष लावला. रुग्णालयाने परिचारिकांना राहायला फ्लॅट घेतले होते, त्यात नफ्याचा हेतू नाही, म्हणून ट्रस्ट ग्राहक ठरला. तुम्ही आवडीने वाजवता, कधीमधी मानधन मिळतं, हे खरं असेल तर तसंच लिहा. पण 'कार्यक्रम बुडाले, इतके हजार गेले' असा तक्ता जोडलात, तर गिटार धंद्यासाठी घेतली हे तुम्हीच सिद्ध करून द्याल. माझं मत विचाराल तर तो मुद्दा सोडा. पूर्ण रक्कम परत, त्यावर व्याज, मनस्तापाची माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढंच मागा. बिल कंपनीच्या नावाने किंवा जीएसटी क्रमांक टाकून घेतलं नाही ना, तेही तपासा.

आता गिटार. कायद्यातली 'दोष' या शब्दाची व्याख्या ऐसपैस आहे: दर्जा, क्षमता, प्रमाण यांत कोणतीही उणीव किंवा अपूर्णता. 'या किमतीत चालायचंच' असा अपवाद तिथे नाही. मात्र ग्राहक आयोगावर बसलेल्या माणसाने फ्रेट हा शब्द कदाचित प्रथमच ऐकलेला असेल, म्हणून सेटअप आणि दोष यांतला फरक तुम्हालाच दाखवावा लागेल. तारांची उंची, ट्रस रॉडने (नेकमधली धातूची सळई) नेकचा बाक कमी-जास्त करणं, ब्रिजवर (तारा जिथे टेकतात तो खालचा भाग) स्वर जुळवणं हा सेटअप. हवेतल्या दमटपणाने नेकचा बाक बदलतो, हेही खरं. दुकानदार तेवढं अर्धसत्य पुढे करतो. पण शेजारच्या दोन फ्रेटपेक्षा मधली एक उंच असेल, तर ट्रस रॉड कितीही फिरवा, त्या जागी तार अडणारच. तीन फ्रेटवर छोटी सरळ पट्टी उभी ठेवून पाहा. मधली उंच असेल तर पट्टी डुगडुगते. हे जवळून चित्रित करा. स्विचच्या खरखरीचं खापर खोका उघडल्याच दिवशी पावसावर फोडता येत नाही. आणि वॉरंटीत फ्रेट नाहीत याचा अर्थ वापराने झालेली झीज भरून मिळत नाही. मुळात कारखान्यातूनच वाकडी बसलेली फ्रेट ही झीज नव्हे.

ठाण्यात किंवा मुंबईत गिटार दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडून लेखी अभिप्राय घ्या. त्यात सिरीयल नंबर, तपासणीची तारीख, काय मोजलं आणि ते केवळ सेटअपने का सुटणार नाही हे असावं. पुढे तोच अभिप्राय त्याच्या प्रतिज्ञापत्रावर दाखल होईल. त्याला फक्त तपासू द्या. फ्रेट घासल्या, स्विचला झाळ मारली, की पुरावा गेला. मूळ व्हिडिओ फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरची दाबलेली प्रत कामाची नाही.

बंगळुरूच्या अटीने घाबरू नका. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. ऐरोली ठाणे जिल्ह्यात येते, म्हणजे तुमचं गाऱ्हाणं ठाणे जिल्हा ग्राहक आयोगापुढे. (खारघर, कामोठ्याच्या वाचकांनी नवी मुंबई म्हणून ठाण्याला धावू नये. तो भाग रायगड जिल्ह्याचा.) पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

त्याआधी स्पीड पोस्टने आणि ईमेलने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व महिन्याभरात निवारण करायचं असतं, हे त्यात लिहा. बिलावर परतीची मुदत छापलेली नसेल, तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे न देणं ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमचे पहिल्या दिवसाचे ईमेल इथे मोलाचे. गिटार परदेशी बनावटीची असेल तर खोक्यावरच्या लेबलवर आयातदाराचं नाव-पत्ता असतो, त्यालाही पक्षकार करा. नोटिशीबरोबरच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कित्येक दुकानं तेवढ्यानेच पैसे परत करतात.

तोवर ती गिटार तिच्या पेटीत ठेवा आणि कार्यक्रमाला दुसरी न्या. सदोष म्हणून परत करायला काढलेली गिटार दर शनिवारी मंचावर दिसली, तर समोरचा वकील तुमचं इन्स्टाग्रामच आयोगापुढे ठेवेल.